वाफेत चष्मा चालत नाही

मोरोक्कोतल्या मेकनेसच्या जुन्या शहरातल्या बायकांना विचारा, अंगाचा मळ काढावा तर कुणी. निम्म्या बायका तामूचं नाव घेतील. उरलेल्या निम्म्यांना तामूकडे वेळ मिळत नाही, म्हणून त्या तिला नावं ठेवतील.

हाज्जा झुबैदाच्या हमामात, म्हणजे बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, तामू नवऱ्याच्या माघारी कामाला लागली. पोर पदरात होती, म्हणून लाज बाजूला ठेवून लागली. खरखरीत मोजा हातात चढवायचा, काळ्या साबणानं मऊ केलेल्या पाठी चोळायच्या, गरम पाणी ओतायचं, पुढची बाई घ्यायची. हात असा की चोळून उठलेली बाई दोन पोरं कमी झाल्यासारखी हलकी होऊन जायची. पण डोळे? डोळ्यांच्या नावानं ठणठणाट. चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड, आणि तोही दारापर्यंतच. आत पाऊल टाकलं की काचा पांढऱ्याफटक. म्हणून बाहेर कपडे सांभाळणाऱ्या म्हातारीकडे चष्मा ठेवायचा आणि धुक्यात शिरायचं. आत तिला माणसं म्हणजे नुसते आकार दिसायचे. बाई कोण ते आवाजावरून कळायचं, बाकीचं हातावरून.

आता गंमत अशी, की तिच्याकडे रांग लागायची ती तिच्या हाताइतकीच या डोळ्यांमुळे. कुणाचा ऑपरेशनात स्तन काढलेला असायचा, कुणाच्या पोटाला टाके, कुणी लहानपणी चुलीत पडून भाजलेली. अशा बायका तामूपुढे बिनधास्त पंचा सोडायच्या. तामूला काय दिसतंय, म्हणायच्या. आमच्याकडे मुलासाठी पोर बघणाऱ्या आया हमामात येऊन बसतात, हे काही लपून राहिलेलं नाही. मळ काढणारणींच्या हातात त्या हळूच काहीतरी सरकवतात आणि विचारतात, त्या कोपऱ्यातल्या मुलीची पाठ कशी आहे गं, पाय सरळ आहेत ना? तामूला असलं कुणी कधी विचारलं नाही.

त्यामुळे लल्ला बहिजाला नुझा स्वतःच बघावी लागली. नुझा ही तामूची एकुलती एक पोर, आणि लल्ला बहिजा ही कापडवाल्याची विधवा, तालेवार बाई, म्हणून नावाआधी मानाचं लल्ला. तिनं गरम खोलीत नुझाला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळलं आणि मुलासाठी, मुनीरसाठी, मागणी घातली. साखरपुड्याला जमलेल्या बायकांसमोर ती ठसक्यात म्हणाली, "मी माझ्या डोळ्यांनी बघून घेतलीय पोर. अंगावर एक डाग नाही." बायका हसल्या, जिभा वळवून त्यांनी आनंदाच्या किलकाऱ्या मारल्या. मळ काढणारणीची पोर कापडवाल्यांच्या घरात पडली होती. तामूला आभाळ ठेंगणं झालं.

आणि सासू तरी कशी मिळावी? शुक्रवार म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कुसकुसचा दिवस. पुरुष मशिदीत, बायका चुलीपाशी, आणि सुनेला तर त्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. पण लल्ला बहिजा दर शुक्रवारी भर दुपारी नुझाला आईकडे न्हायला धाडायची. कुसकुस आपण स्वतः करायची. गावभर सांगायची, "आईच्या हातचं न्हाणं ते आईच्या हातचं. आमची सून दुसऱ्या कुणाकडे बसणार नाही." त्या वेळी हमामात चिटपाखरू नसायचं. तामू लेकीला निवांत चोळायची. लग्न झाल्यापासून पोरीला डाव्या बरगडीला गुदगुल्या व्हायच्या, हात लागला की अंग आक्रसायची. तामू चेष्टा करायची, "लग्न झाल्यावर पोरी गुदगुल्यांना भ्यायला लागतात वाटतं." नुझा हसायची. त्यातच इल्यास झाला, नातू रांगायला लागला, चालायला लागला. तामूनं देवाचे किती आभार मानले असतील त्याला हिशेब नाही.

सगळं असंच चालायचं, पण वसंतात तामूनं घात केला. कढत पाण्याची बादली विसणाच्या टाकीत ओतायची, ती तिनं शाळेतल्या बाईंच्या पायावर ओतली. पाय सोलवटला. बाई रडल्या, त्यांचा भाऊ भांडायला आला, हाज्जा झुबैदानं कसंबसं निभावून नेलं आणि तामूला समोर बसवलं.

"तामू, तुझा हात सोन्याचा आहे. पण आज पाय भाजला, उद्या कुणाचं पोर भाजेल. एक तर डोळ्यांचं काहीतरी कर, नाहीतर बाहेर कपड्यांपाशी बस. म्हातारी तशीही आता थकलीय."

"बाहेर बसून काय करू, हाज्जा?"

"कपडे सांभाळ. येणारी-जाणारी बघ."

हात मांडीवर ठेवून दिवसभर दुसऱ्यांची गाठोडी राखायची, हे तामूला जिवंतपणी पुरल्यासारखं वाटलं. आणि एक गोष्ट तिनं हाज्जाला सांगितली नाही. कपड्यांपाशी बसली तर शुक्रवारी नुझाला चोळणार कोण?

तेव्हा ती नव्या शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. नुझाला सोबत घेतलं, कारण पाट्या वाचायच्या तर कुणीतरी हवं. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, पण बरा होता. यंत्रापुढे हनुवटी टेकायला लावून त्यानं डोळे मोजले आणि खुर्ची जवळ ओढली.

"लेसर तुम्हाला होणार नाही, खाला," तो म्हणाला. "नंबर फार मोठा आहे आणि बुबुळावरचा पडदा पातळ. लेसरनं तो आणखी पातळ होतो. मी करणार नाही, आणि करतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका."

"मग?"

"चष्मा आहेच. सगळ्यात सुरक्षित तोच."

"वाफेत चष्मा चालत नाही, बाळा. तू कधी हमामात गेलास की नाही?"

डॉक्टर हसला. "मग लेन्स. पण पाण्यात घालायची नाही. हमामात तर मुळीच नाही. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले तर डोळा जाऊ शकतो. भीती घालत नाही, खरं सांगतोय."

"म्हणजे मला दिसणार ते हमामाबाहेर. अरे, बाहेर मला काय बघायचंय? माझं सगळं आत आहे."

"काम बदला," डॉक्टर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार?

इतका वेळ नुझा बाही ओढत होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "लेन्स घातली तर तिला किती दिसेल?"

"सगळं. तुमच्याइतकंच."

परतीच्या वाटेवर नुझा म्हणाली, "आई, कशाला हा उपद्व्याप? बाहेर बस की कपड्यांपाशी. आराम तरी मिळेल."

तामूचं डोकं फिरलं. "तूसुद्धा? हाज्जा तेच, डॉक्टर तेच, आता पोटची पोरही तेच. मी काय मोडकं स्टूल आहे, उचलून बाहेर ठेवायला?" आणि हट्टानं तिनं लेन्स करायला टाकल्याच. बाहेर वापरीन, म्हणाली, नातवाचं तोंड तरी धड दिसेल.

लेन्स आल्या त्या दिवशी तामूला विहिणीकडे बोलावणं होतं. तिथे दाराशी नुझानं आईचा हात धरला. "हमामात नाही घालणार ना? शब्द दे."

"दिला."

"इल्यासच्या डोक्यावर हात ठेवून दे."

एवढं काय त्यात, असं म्हणत तामूनं नातवाच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीला आपल्या डोळ्यांची किती काळजी, या विचारानं तिचा ऊर भरून आला.

त्याच आठवड्यात लल्ला बहिजा न्हायला आली. चटईवर पालथी पडल्या पडल्या तिनं विषय काढला. "ऐकलं ते खरं का गं, तामू? डोळ्यांत प्लास्टिक घालणार म्हणे तू."

"हमामात नाही, लल्ला बहिजा. बाहेर."

"बाहेरही कशाला? चष्मा शोभतो तुला. आणि एक सांगते, विहीण म्हणून सांगते. या बायका तुझ्याकडे का येतात? तुला दिसत नाही म्हणून. उद्या तुला दिसायला लागलं तर फिरकतील का? शहाणी असशील तर आहेस तशी राहा." मग कूस वळवून ती म्हणाली, "आणि तुला कमी काय आहे? कुसकुस सोडून मी सून धाडते की नाही तुझ्याकडे? कोणती सासू धाडते सांग."

"कुणी नाही धाडत, लल्ला. उपकार आहेत तुमचे."

खरंच होतं ते. न बघता राहावं तर हाज्जा बाहेर बसवणार. बघावं तर गिऱ्हाईक जाणार, आणि वर डोळाही जायचा. चष्म्यावर धुकं, लेसरला पडदा पातळ, लेन्सला पाणी वर्ज्य. तीन दारं, तिन्हींना बाहेरून कडी. तामू रात्री-बेरात्री उठून बसायची नाही, तेवढं तिला परवडत नव्हतं, पण भाकरीचं पीठ मळताना तिचे हात मध्येच थांबायचे.

शेवटी गुरुवारी तिनं लेन्स घातल्या आणि आत गेली. एकच दिवस बघू, म्हणाली.

घुमटाला ताऱ्यांच्या आकाराची भोकं आहेत आणि त्यांतून उन्हाच्या पट्ट्या उतरतात, हे तिला इतक्या वर्षांनी कळलं. आपण रोज जिथे बसतो त्या भिंतीला हिरवी बुरशी आहे, हेही कळलं. बादली नेमकी टाकीत गेली. हाज्जा दारातून बघून समाधानानं मान हलवून गेली. पण तामूची पहिली बाई आली ती स्तन काढलेली, जुनी, जिवाभावाची. तिनं पंचा सोडला आणि तामूची नजर गेली. मुद्दाम नाही गेली, डोळे होते म्हणून गेली. हात क्षणभर थबकला.

"तामू," ती बाई हळूच म्हणाली, "तू बघतेयस."

"नाही गं."

"बघतेयस. मला कळतं." आणि तिनं पंचा ओढून घेतला. न्हाणं अर्धवट टाकून ती उठून गेली. दुपारपर्यंत आतल्या आत कुजबुज पसरली. भाजलेली आली, तामूला ओलांडून पलीकडच्या मळ काढणारणीपाशी जाऊन बसली. लल्ला बहिजा चुकीचं बोलली नव्हती.

शुक्रवारी सकाळी डोळे लाल होते, चुरचुरत होते. तरी तिनं लेन्स घातल्या. आता सोडायच्याच आहेत, म्हणाली, सोमवारी हाज्जाला सांगून टाकू. पण आज नुझा येणार. पोर लहान होती तेव्हा परातीत बसवून न्हाऊ घालायची, तेव्हा जी पाठ पाहिली ती पाहिली. एकदा लेकीला डोळे भरून बघायचं होतं तिला. आईनं एवढीशी इच्छा धरली तर बिघडलं कुठे?

दुपारची बांग झाली, हमाम रिकामा झाला. नुझा पंचा गुंडाळून गरम खोलीत आली आणि आईच्या तोंडाकडे बघून थांबली.

"डोळे का लाल?"

"साबण गेला."

"लेन्स नाहीत ना?"

"घरी आहेत. डबीत."

नुझानं सुस्कारा सोडला, पाठ करून बसली आणि पंचा सोडला.

डाव्या बरगडीवर हाताच्या पंज्याएवढा पिवळा डाग होता, जुना. त्याच्यावर निळा, ताजा. दंडावर चार बोटं उमटली होती, चारही मोजता येतील अशी. कमरेखाली आणखी होतं, ते तामूनं बघितलं आणि बघितलं नाही. मोज्याचा हात हवेत राहिला.

"काय झालं, आई?"

"मोजा सैल झालाय."

तिनं डोळे मिटून घेतले. दिसेनासं झालं की सगळं पूर्वीसारखं होईल, असं तिला क्षणभर वाटलं. मिटल्या डोळ्यांनी तिनं चोळायला सुरुवात केली, रोजच्यासारखी. मानेवरून खाली, खांद्यावर जोरात, दंडावर आल्यावर हात आपोआप हलका झाला. डाव्या बरगडीपाशी आला आणि वळसा घालून गेला. कमरेखालची जागा त्यानं सोडलीच. ती पुन्हा वरून खाली आली. हात पुन्हा तसाच गेला, तिथेच हलका झाला, तिथेच वळला. लग्न झाल्यापासून तो असाच जात होता. गुदगुल्या म्हणे.

तामूच्या हाताला सगळं ठाऊक होतं. दर शुक्रवारी ठाऊक होतं, आणि तिनं त्याला हसून गप्प केलं होतं. तिला स्वतःची इतकी चीड आली की मोजा काढून भिंतीवर फेकावासा वाटला.

"नुझा," ती म्हणाली, "मला दिसतंय."

नुझाची पाठ ताठ झाली.

"शब्द दिला होतास तू," ती म्हणाली. "इल्यासच्या डोक्यावर हात ठेवून."

"मोडला. कोण मारतं?"

"कोण म्हणजे काय, आई."

"मुनीर?"

नुझानं पंचा अंगाभोवती ओढला. ती रडली नाही, रागावली. "मला एवढी एकच जागा होती. इथे अंगावरचं काढलं तरी कुणाला काही सांगावं लागायचं नाही. तू बडबडायचीस, मी ऐकायचे. तेवढा एक तास माझा होता. तोही घेतलास."

"सासूला माहीत आहे?"

नुझा आईकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर कीव होती. "शुक्रवारची दुपार कुणी ठरवली असं वाटतं तुला? हमामात कुणी नसतं ती वेळ. आणि जिला दिसत नाही ती बाई."

तामूनं मोजा काढून ठेवला. कुसकुस. गावभर सांगितलेलं कौतुक. उपकार आहेत तुमचे, लल्ला. आपण त्या बाईची पाठ चोळत हे म्हणालो होतो.

"घरी जायचं नाही तू," ती म्हणाली.

"इल्यास तिथे आहे. तो तिथे असतो म्हणून तर मला एकटीला सोडतात. मी गेले नाही तर तो मला दिसणार नाही. कळतंय का तुला? म्हणून म्हणत होते, बाहेर बस. कपड्यांपाशी बस. बघायचं कशाला होतं तुला?"

तामूनं लेकीचे केस धुतले, पुसले, तिला कपडे घालायला लावले. मग थंड खोलीत येऊन तिनं हात स्वच्छ धुऊन कोरडे केले, डोळ्यांतून दोन्ही लेन्स काढल्या आणि मोरीत टाकून दिल्या. म्हातारीकडून चष्मा घेतला. हाज्जा झुबैदा दारात होती.

"कुठे निघालीस? जेवणं उरकून गिऱ्हाइकं येतील आता."

"पोरीला पोचवून येते. आणि हाज्जा, उद्यापासून मी बाहेर बसते, कपड्यांपाशी. चष्मा लावून."

"आत्ता कशी सुचली अक्कल?"

तामूनं नुझाचं मनगट धरलं. विहिणीच्या घरी ती बोलावल्याशिवाय कधी गेली नव्हती. बोलावल्यावरही जाताना मानाचा साखरेचा सुळका घेऊन जायची आणि दाराशी अंग चोरून बसायची. आज हात रिकामे होते. गल्लीत नुझा दोनदा थांबली. "नको, आई. तू परत गेल्यावर मला तिथेच राहायचंय." तामूनं तिचं मनगट सोडलं नाही.

घरात सगळे कुसकुसच्या मोठ्या ताटाभोवती बसले होते. मुनीर बाह्या सारून जेवत होता. इल्यास आजीच्या मांडीवर बसून हरभरे वेचत होता. लल्ला बहिजा तोंडभर हसली. "न्हाणं सुखाचं होवो, पोरी. आणि हे काय, विहीणबाईसुद्धा? या, बसा. अजून वाफा निघतायत."

निघत होत्या खऱ्या. तामू ताटापाशी वाकली तशा चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. तिनं चष्मा काढला, पदरानं सावकाश पुसला आणि परत लावला. मग मुनीरकडे बघितलं, तो मान खाली घालीपर्यंत. मग विहिणीच्या मांडीवरून नातवाला उचलून नुझाच्या कडेवर दिला.

"अगं, त्याला कुठे नेतेस?" लल्ला बहिजा म्हणाली. "जेवतोय तो."

"बहिजा," तामू म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं लल्ला म्हटलं नाही. "सोयरीक करताना तू पोर बघून घेतली होतीस. अंगावर एक डाग नाही, सगळ्या बायकांसमोर म्हणालीस. आज मीही बघून आले. आता त्याच बायकांना सांगेन. उद्यापासून दारातच बसणार आहे मी, एकेकीला थांबवून सांगेन."

नुझा उंबऱ्याजवळ उभी होती, पोराला छातीशी धरून, एकदा नवऱ्याकडे आणि एकदा आईकडे बघत.

"जोडा घाल," तामू तिला म्हणाली. "इल्यासचाही घे."